हेल्पलाइनवरचा 'एक दाबा, दोन दाबा' मेनू स्मार्टफोनवर वडिलांना कसा सोपा करून द्यावा?

विश्रामबागकर, सांगली

माझे वडील तासगावच्या एका शाळेतून निवृत्त झाले असून त्यांचे वय आता 74 आहे. ज्या बँकेत त्यांचे निवृत्तिवेतन जमा होते, तिच्या हेल्पलाइनला त्यांना महिन्यातून एकदा तरी फोन करावा लागतो आणि बहुतेक वेळा तो अर्धवटच राहतो. परवा मी मुद्दाम शेजारी बसून नेमके काय घडते ते पाहिले. 'मराठीसाठी तीन दाबा' असे ऐकू आल्यावर आण्णांनी फोन कानापासून दूर केला, तेव्हा पडदा काळाच होता. क्षणभराने तो उजळला, पण त्यावर आकडे नव्हते. म्यूट, स्पीकर, होल्ड अशी चित्रे होती. त्यांतले ठिपक्यांचे चित्र म्हणजे कीपॅड, हे लक्षात येईपर्यंत तिकडून 'आपण कोणताही पर्याय निवडलेला नाही' हे वाक्य सुरूही झाले होते. दुसऱ्या खेपेस पडदा उजळेना म्हणून त्यांनी कडेचे बटण दाबले आणि कॉलच बंद झाला. तिसऱ्या खेपेस तीनचा आकडा दाबला, पण कसलाच आवाज आला नाही म्हणून तो पुन्हा दाबला आणि ते थेट कर्ज विभागात जाऊन पोहोचले.

घरी लँडलाइन होती तेव्हा हीच कामे ते कुणाच्याही मदतीशिवाय करत असत, कारण रिसीव्हर कानाला आणि बटणे डोळ्यांसमोर असत. स्पीकर लावायला ते तयार नाहीत. खात्यातली रक्कम घरभर ऐकू जावी हे त्यांना पटत नाही आणि मला त्यांचे म्हणणे योग्यच वाटते. अँड्रॉइड फोनवर यावर काही उपाय आहे का? 'मुलाने फोन लावून द्यावा' हा उपाय कृपया सुचवू नये. मी दिवसभर कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत असतो.

दुरुस्तीवाला, मिरज

माझे मोबाइल दुरुस्तीचे दुकान असल्यामुळे ही तक्रार आठवड्यातून दोन-तीनदा तरी माझ्यासमोर येते. फोन कानाजवळ नेला की वरच्या कडेजवळचा सेन्सर पडदा बंद करतो, म्हणजे गालाने बटणे दाबली जाऊ नयेत. हा सेन्सर चुकीच्या टेम्पर्ड ग्लासखाली झाकला गेला किंवा त्यावर घाम आणि धूळ साचली, की फोन कानापासून दूर नेला तरी पडदा उजळत नाही. आधी ती काच तपासावी. पुष्कळदा दुखणे तेवढेच असते.

दुसरे म्हणजे सेटिंग्जमधल्या अ‍ॅक्सेसिबिलिटी विभागात, पॉवर बटण दाबल्यावर कॉल बंद व्हावा असा एक पर्याय असतो. तो आपल्या वडिलांच्या फोनवर चालू आहे असे दिसते. तो बंद करावा.

स्पीकर नको असेल तर साधा वायरचा माइकवाला इअरफोन घ्यावा. तो जोडल्यावर आवाज फक्त कानात येतो, फोन हातात राहतो आणि सेन्सर पडदा बंद करत नाही, म्हणजे आपली जुनी लँडलाइनची सोय परत मिळते. शिवाय बँकेचा क्रमांक साठवताना त्यापुढे स्वल्पविराम देऊन आकडे लिहून ठेवले, तर फोन ते आकडे आपोआप दाबतो.

सुरावट, सातारा

अशा मेनूंची मांडणी करण्याचे काम मी काही वर्षे केले आहे, म्हणून स्वल्पविरामाच्या सूचनेत थोडी दुरुस्ती सुचवतो.

एक स्वल्पविराम म्हणजे साधारण 2 सेकंदांची थांबणूक, आणि ती समोरून कॉल उचलला गेल्यावर मोजली जाते. मेनूचे स्वागताचे वाक्य कायम तेवढ्याच लांबीचे राहिले, तरच हा हिशेब जमतो. प्रत्यक्षात बँका त्या वाक्याआधी कधी फसवणुकीपासून सावध राहण्याची सूचना घालतात, तर कधी दिवाळीच्या शुभेच्छा, आणि मग आपला आकडा भलत्याच ठिकाणी पडतो. काही मेनू बोलणे चालू असतानाच आकडा स्वीकारतात, काही वाक्य संपेपर्यंत आलेले सगळे आकडे टाकून देतात; कोणता मेनू कोणत्या प्रकारचा आहे हे एकदा स्वतः फोन करूनच कळते.

त्यापेक्षा अर्धविराम वापरावा. क्रमांकापुढे अर्धविराम आणि मग आकडा लिहिला, तर फोन तेथे थांबतो आणि 'हा आकडा पाठवू का?' अशी चौकट पडद्यावर दाखवतो. आण्णांनी वाक्य ऐकून घ्यावे आणि होकाराचे एकच मोठे बटण दाबावे. कीपॅड शोधण्याची गरजच उरत नाही. दोन टप्पे असतील तर अर्धविराम, आकडा, पुन्हा अर्धविराम, आकडा असे लिहिता येते. डायलरमध्ये क्रमांक टाकल्यावर तीन ठिपक्यांच्या मेनूत थांबणुकीचे हे दोन्ही प्रकार मिळतात. आयफोनवरही तशीच सोय आहे. तेथे कीबोर्डवरच्या अधिक, तारा आणि हॅश अशी चिन्हे असलेल्या बटणामागे ती दडलेली असते.

आता दोनदा दाबण्याबद्दल. टचटोन पद्धतीत प्रत्येक आकड्यासाठी दोन स्वर एकाच वेळी वाजतात. पाचसाठी 770 आणि 1336 हर्ट्झचे, तीनसाठी 697 आणि 1477 हर्ट्झचे. ही पद्धत अमेरिकेत 1963 साली सुरू झाली. मोबाइलवर मात्र आपल्याला ऐकू येणारा 'टूं' हा केवळ आपल्या समाधानासाठी असतो. आकडा नेटवर्ककडे संकेत म्हणून वेगळा जातो. त्यामुळे कीपॅडचा आवाज बंद असला तरी आकडा पोहोचतो, आणि पुन्हा दाबलेला आकडा पुढच्या प्रश्नाचे उत्तर ठरतो. आण्णा कर्ज विभागात पोहोचले ते यामुळेच. कीपॅडचा आवाज चालू करून ठेवावा.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी. एटीएमचा पिन, आधार क्रमांक किंवा जन्मतारीख या साखळीत कधीही साठवू नये; संपर्कयादी वाचण्याची परवानगी आपण कितीतरी अ‍ॅप्सना देऊन बसलेलो असतो. हेल्पलाइनचा क्रमांकही इंटरनेटवर शोधून न घेता पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागच्या बाजूवरून घ्यावा.

कृष्णाकोयना, कराड

मला दृष्टी नाही आणि मी टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचे सगळे वाचून दाखवणारी अँड्रॉइडमधली सोय, वापरतो. आमची अडचण थोडी निराळी आहे: मेनूचा आवाज आणि टॉकबॅकचा आवाज एकाच वेळी कानावर येतात आणि दोन्ही कळेनासे होतात. अर्धविरामाचा उपाय मी दोन वर्षे वापरत आहे. चौकटीतले होकाराचे बटण बहुतेक वेळा पडद्यावर ठरावीक जागीच येते, त्यामुळे बोट सवयीने तेथे जाते. ज्यांची दृष्टी उतारवयामुळे मंद होत आहे, त्यांनाही ही सवय उपयोगी पडेल असे वाटते. मेनूचे पर्याय पडद्यावर लिहून दाखवणारी सोय गूगलने 2021 साली पिक्सेल 6 फोनवर अमेरिकेत आणली होती; तशी मराठीत कधी येईल याची मी वाट पाहतो आहे.

विश्रामबागकर, सांगली

सर्वांचा आभारी आहे. टेम्पर्ड ग्लास खरोखरच चुकीची होती. तिचा काळा काठ नेमका सेन्सरवर आला होता. ती बदलली आणि पॉवर बटणाचा पर्याय बंद केला. स्वल्पविरामाचा प्रयोग मी उत्साहाने आधी करून पाहिला आणि तो फसला, कारण स्वागताच्या वाक्याआधी नव्या अ‍ॅपची जाहिरात सुरू झालेली होती. आता 'बँक मराठी पेन्शन' या नावाने दोन अर्धविरामांसह क्रमांक साठवला आहे. तशाच रीतीने 1947 या आधारच्या आणि 1800-180-1551 या किसान कॉल सेंटरच्या क्रमांकांचेही करून ठेवले, कारण द्राक्षबागेबद्दल काका नेहमी आण्णांनाच फोन लावायला सांगतात.

काल आण्णांनी इअरफोन लावून, चौकटीतले बटण दोनदा दाबून एकट्याने प्रतिनिधीपर्यंत मजल मारली. फक्त त्याने खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे कीपॅडवर दाबायला सांगितले, तेव्हा चष्मा आतल्या खोलीत होता.