'स्टाइल'ला मराठीत काय म्हणायचं? चपलांच्या कॅटलॉगसाठी मदत पाहिजे

कापशीची_भाची

नमस्कार मंडळी, तीन दिवस झाले एका शब्दावर अडून बसलेय. माझे मामा कोल्हापुरी चपला करतात, सगळं हातानं, खिळा न मारता चामड्याच्या वादीनं शिवलेलं काम. आता ऑनलाइन ऑर्डरी यायला लागल्यात म्हणून मामेभावानं इंग्रजीत कॅटलॉग करून घेतला आणि त्याचं मराठी करायचं माझ्याकडं आलं. आठ पानांत 'स्टाइल' हा शब्द अकरा वेळा आलाय. डिक्शनरीत बघितलं, पहिलाच अर्थ 'शैली', मग काय सगळीकडं शैलीच घातलं.

काल मामांना वाचून दाखवलं. 'कापशी शैलीची चप्पल' (कापशी हा कोल्हापुरीतलाच एक प्रकार) म्हटल्यावर मामांनी वादी ओढता ओढता हात थांबवला आणि म्हणाले, "अगं, चपलेला शैली नसती, घाट असतो." पुढं 'आपली शैली निवडा' आलं तर म्हणाले, "गिऱ्हाईक चप्पल निवडतंय का स्वभाव?" मला ते एकदम पटलं, पण मग अकरा ठिकाणी लिहू काय? एकच शब्द सगळीकडं चालेल असा आहे का? आणि फॅशन आणि स्टाइल एकच का वेगळं, कारण कॅटलॉगमधे दोन्ही शेजारी शेजारी आलेत.

शब्दांचा_नाद

ताई, एकच शब्द शोधू नका, मिळणार नाही आणि मिळाला तर तो चुकीचाच असेल. स्टाइल हे इंग्रजीत एक मोठं गाठोडं आहे, आपल्याकडं त्यातली प्रत्येक वस्तू वेगळी ठेवलीय. वस्तूचा आकार म्हणजे घाट, तिची बांधणी म्हणजे घडण. माणसाची बसायउठायची सवय असेल तर ढब किंवा लकब, कथाकादंबरी असेल तर धाटणी, नाटकाला लोककलेचा रंग असेल तर बाज. तोऱ्यात चालणं म्हणजे ऐट, त्यात वजन असेल तर रुबाब, पैसा दिसत असेल तर थाट. एखाद्याला एखादं काम सहज जमतं ती हातोटी. ऐट आणि रुबाब एक नव्हे हं, ऐट लहान पोरगंपण करतंय, रुबाबाला माणूस मुरावा लागतो.

फॅशनचं म्हणाल तर तो शब्द मुळात 'करणं, घडवणं' या लॅटिन धातूवरनं आलाय, म्हणजे जुना अर्थ घडणीच्याच जवळचा. आता मात्र फॅशन म्हणजे जे सध्या चालू आहे ते. चार महिन्यांत जाणारी असेल तर आपल्याकडं तिला 'टूम' म्हणतात. स्टाइल मात्र माणसाजवळ राहते. तुमच्या मामांच्या चपलेला फॅशन म्हणू नका एवढीच विनंती.

जीवशास्त्राचे_सर

मी ३१ वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळं माझ्या डोळ्यासमोर स्टाइल म्हटलं की आधी जास्वंद येते. फूल उभं चिरलं की मधोमध जी लांब बारीक दांडी दिसते ती स्टाइल, पाठ्यपुस्तकात तिला कुक्षीवृंत म्हणतात, टोकाला ज्या पाच लाल गाठी असतात त्या कुक्षी. दरवर्षी एखादा मुलगा विचारायचाच, सर फुलाला कसली स्टाइल? प्रश्न बरोबर होता. फुलातली स्टाइल ग्रीक शब्दावरनं आलीय, त्याचा अर्थ खांब. आणि आपण बोलतो ती स्टाइल लॅटिनमधली, 'स्टिलस', म्हणजे मेणाच्या पाटीवर लिहायची टोकदार काडी. एका बाजूला टोक लिहायला, दुसरी बाजू चपटी, चुकलं की मेण सारखं करायला. पुढं लोकांना वाटलं दोन्ही शब्द एकच, त्या गोंधळात लॅटिन शब्दाच्या स्पेलिंगमधल्या आयचा वाय झाला.

म्हणजे आधी लिहायचं हत्यार, मग लिहायची पद्धत, मग कुठलीही गोष्ट करायची पद्धत, आणि सगळ्यात शेवटी झोकात राहणं. आपली 'शैली' मात्र हत्यारावरनं आलेली नाही, ती 'शील'पासून आलीय. शील म्हणजे स्वभाव. तुमच्या मामांनी संस्कृत न उघडता नेमकं तिथंच बोट ठेवलं, हे वाचून मला फार बरं वाटलं.

तालीम_गंगावेस

आमच्याकडं स्टाइल म्हणजे कुस्तीचा प्रकार. मॅटवर दोन, फ्रीस्टाइल आणि ग्रीको-रोमन. फ्रीस्टाइलमधे पायाला धरता येतंय, ग्रीको-रोमनमधे कमरेखाली हात लावायचाच नाही. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं ते फ्रीस्टाइलमधे, राजाराम कॉलेजला शिकलेला आपला माणूस, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आणि पेपरवाले रस्त्यात मारामारी झाली की 'फ्रीस्टाइल हाणामारी' लिहितात ते वाचून मला त्रास होतो, फ्रीस्टाइलला नियम असतात भावांनो, वेळ असते, पंच असतो.

पैलवानाच्या उभं राहण्याला आम्ही स्टाइल म्हणत नाही, पवित्रा म्हणतो. खासबागेच्या कुस्ती मैदानात मातीत उतरल्यावर जुनी माणसं लांबनं पवित्रा बघून सांगायची हा कुठल्या वस्तादाचा पठ्ठा. तुमच्या कॅटलॉगला उपयोग नाही याचा, पण शब्द चांगला आहे म्हणून सांगितलं.

बोरू_आणि_शाई

सरांचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. लिहायच्या हत्यारावरनं 'पद्धत' असा अर्थ फक्त लॅटिनमधेच आला असं नाही. चित्रकलेत बघा, पहाडी कलम, कांगडा कलम, राजस्थानी कलम. कलम म्हणजे लेखणी, पण तिथं अर्थ स्टाइल.

आणि मराठीत तर याहून जवळचा शब्द आहे, 'वळण'. मी मोडी लिपी शिकतोय, पुराभिलेखागारात अधूनमधून जाऊन बसतो. मोडी बोरूच्या लेखणीनं लिहायचे, हात न उचलता, एकात एक अक्षर गुंतवत, त्यामुळं लिहिणाऱ्याचा हात अक्षरात उतरतो. त्याला वळण म्हणतात, चिटणीशी वळण वेगळं, बिवलकरी वळण वेगळं. पहिल्या महिन्यात मला सगळंच गुंडाळलेल्या दोऱ्यासारखं दिसायचं. मग एक दिवस दोन कागद शेजारी होते, एकात रेघेला टेकलेली गोल गोल अक्षरं, दुसऱ्यात उजवीकडं झुकून पळणारी, आणि एक शब्द वाचायच्या आधीच कळलं की हात दोन आहेत. त्या दिवशी मी घरी चालत आलो, रिक्षात बसावंसं वाटेना.

आता हाच शब्द पुढं कुठं गेला बघा. पोराला चांगलं वळण लागलं, घरातलं वळण, जुन्या वळणाची माणसं. अक्षरावरनं थेट वागण्यावर. स्टिलसनं जो प्रवास केला तोच वळणानं मराठीत केलाय, आणि कुणाचं भाषांतर न करता. 'जुन्या वळणाची चप्पल' म्हणून बघा, कसं वाटतंय?

शब्दांचा_नाद

वळण! हे माझ्या यादीत नव्हतं, मान्य. पण चपलेला मी 'घाट'च ठेवीन, मामांच्या तोंडचा आहे.

कापशीची_भाची

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, वाचता वाचता रात्रीचे साडेबारा झाले. आज सकाळी मामांसोबत बसून परत सगळं केलं. 'कापशी घाटाची चप्पल' ठेवलं. 'स्टाइल निवडा' च्या जागी 'नमुना निवडा'. 'ट्रॅडिशनल स्टाइल' ला 'जुन्या वळणाची' लिहिलं, मामांनी दोनदा वाचायला लावलं आणि मान हलवली. शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरात 'वॉक इन स्टाइल' होतं, तिथं मी 'रुबाबात चाला' लिहिलं होतं. मामा म्हणाले, नवी जोडी पहिले आठ दिवस चावती, तेव्हा कुणी रुबाबात चालत नाही, खरं ते लिही. म्हणून तिथं आता 'पायात मुरली की रुबाब येतो' असं आहे.

एकच अडकलंय, डब्यावरच्या लेबलवर 'स्टाइल नंबर' असतो तिथं 'नमुना क्र.' लिहू का नुसतं 'क्र.'? लेबल लहान आहे.

शब्दांचा_नाद

'नमुना' पुरे. पुढं आकडा आहेच.