विमानप्रवासाचं कार्बन उत्सर्जन घटवण्यासाठी कोल्हापुरात पीएच.डी. संशोधक तयार करायचे तर प्रशिक्षण कसं आखावं?

सागरमाळ_रसायन

पुढच्या प्रवेशफेरीत विमान-इंधन या विषयावर चार पीएच.डी. विद्यार्थी एकत्र घ्यायचं चाललंय. दोघे रसायनशास्त्राचे, एक केमिकल इंजिनिअर, एक पर्यावरणशास्त्राची. ब्रिटनमध्ये क्रॅनफील्ड विद्यापीठाच्या पुढाकाराने नेट झिरो (निव्वळ शून्य उत्सर्जनाच्या) विमानवाहतुकीसाठी डॉक्टरल प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे एकेकटा विद्यार्थी न घेता अख्खी तुकडी सोबत शिकते. तेवढा निधी इथे नाही, पण तुकडीची कल्पना घेता येईल असं वाटतं.

जाणकारांना चार गोष्टी विचारायच्या आहेत. हायड्रोजन, बॅटरी आणि इथेनॉलपासून जेट इंधन यांतलं आपल्याकडे काय झेपेल? कोर्सवर्कच्या किमान १२ क्रेडिटमध्ये काय बसवावं? छोटा रिॲक्टर इथेच बनवून घेता येईल का? आणि हातात जेमतेम काही मिलिलिटर इंधन आलं तर त्यावरून काही ठामपणे म्हणता येतं का?

वाफ_आणि_बगॅस

सर, विषय वाटण्याआधी चौघांनाही एक गणित फळ्यावर सोडवायला लावा. केरोसिनमध्ये किलोला साधारण ४३ मेगाज्यूल, म्हणजे जवळपास १२,००० वॅट-तास ऊर्जा असते. चांगल्या लिथियम-आयन सेलमध्ये २५० ते ३००. इलेक्ट्रिक मोटर कितीही कार्यक्षम धरली तरी ही दरी लांब पल्ल्याला भरून निघत नाही. हायड्रोजन किलोला १२० मेगाज्यूल देतो, पण तो उणे २५३ अंशांवर द्रवरूपात ठेवावा लागतो आणि तेव्हाही लिटरला फक्त ७१ ग्रॅम भरतो. तेवढ्याच ऊर्जेला टाकी केरोसिनच्या चौपट लागते. अतिशीत तापमानाची सोय नसलेल्या प्रयोगशाळेत यावर काम घेतलं तर विद्यार्थी तीन वर्षं नुसत्या संगणकावरच्या मॉडेलात अडकेल.

इथेनॉल मात्र आपल्या जिल्ह्यातच तयार होतं. मार्ग चार टप्प्यांचा आहे. इथेनॉलमधून पाणी काढून इथिलीन करायचं, इथिलीनचे छोटे रेणू जोडून लांब साखळ्या करायच्या, त्यात हायड्रोजन घालून दुहेरी बंध संपवायचे, आणि शेवटी ऊर्ध्वपातनाने जेटचा भाग वेगळा करायचा. एएसटीएम या मानकसंस्थेच्या डी७५६६ या मानकाच्या परिशिष्ट ५ मध्ये हा मार्ग मान्य आहे आणि साध्या जेट इंधनात ५० टक्क्यांपर्यंत मिसळायला परवानगी आहे. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी भारताचं मिश्रणाचं लक्ष्य २०२७ ला १ टक्का, २०२८ ला २ आणि २०३० ला ५ टक्के असं आहे. म्हणजे आज प्रवेश घेणारा विद्यार्थी बाहेर पडेल तेव्हा या कामाला खरोखर गिऱ्हाईक असेल.

आता एक जागा, जिथे मुलं हमखास चुकतात. ४६ ग्रॅम इथेनॉलमधून जास्तीत जास्त २८ ग्रॅम इथिलीन मिळतं, म्हणजे ६१ टक्के. एक लिटर इथेनॉल ७८९ ग्रॅम, त्यातून फार तर ४८० ग्रॅम हायड्रोकार्बन. हे पाहून "३९ टक्के माल वाया गेला" असं लिहिलं जातं. पण गेलं ते पाणी. ऊर्जा मोजा: इथेनॉल किलोला २६.८ मेगाज्यूल, म्हणजे लिटरला २१. तयार हायड्रोकार्बन ४८० ग्रॅम गुणिले ४४, म्हणजे पुन्हा २१ च. खरं नुकसान होतं ते भट्टीच्या उष्णतेत, हायड्रोजनमध्ये आणि जेटच्या पट्ट्याबाहेर पडणाऱ्या हलक्या-जड भागात. संशोधनाचे प्रश्न तिथून काढा.

कोर्सवर्कबद्दल माझं मत स्पष्ट आहे. संशोधन आणि प्रकाशन नीतीचा भाग बंधनकारक आहेच. उरलेल्या क्रेडिटमध्ये उत्प्रेरण (स्वतः न संपता प्रक्रियेचा वेग वाढवणाऱ्या उत्प्रेरकांचं शास्त्र) व रिॲक्टरचं गणित, जीवनचक्र मूल्यमापन (शेतापासून इंजिनापर्यंतच्या उत्सर्जनाचा हिशोब), इंधनाची मानकं आणि मापनातली अनिश्चितता हे चौघांनी एकत्र शिकावं. रसायनवाल्याला उसाच्या खताचा हिशोब यायला हवा आणि पर्यावरणवालीला गॅस क्रोमॅटोग्राफचा (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राचा) आलेख वाचता यायला हवा. हे पहिल्या वर्षी झालं नाही, तर पुढे चौघे चार दिशांना जातात आणि तुकडी फक्त हजेरीपटावर उरते.

शिवाय वेळापत्रक गळीत हंगामावर बांधा. हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. मळी, रस, बगॅस (उसाचा चोथा), स्पेंटवॉश (इथेनॉल काढल्यावर उरणारं सांडपाणी) यांचे नमुने तेव्हाच मिळतात. प्रवेश जानेवारीत झाला आणि नमुने घ्यायची पद्धत ठरायला चार महिने गेले, तर अख्खं वर्ष हातचं जातं. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट किंवा पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल) इथला सहमार्गदर्शक सुरुवातीलाच जोडून घ्या, तिसऱ्या वर्षी नको.

उद्यमनगर_फिटर

रिॲक्टर इथे नक्की होतो. पाणी काढण्याचा पहिला टप्पा वातावरणाच्या दाबाला चालतो, त्यामुळे सुरुवात त्यानेच करा.

अर्ध्या इंची एसएस ३१६ ची जोडरहित नळी, लांबी ४५ ते ५० सेंटीमीटर, उभी भट्टी. मधल्या १० ते १२ सेंटीमीटरमध्येच भट्टीचं तापमान एकसारखं असतं, उत्प्रेरक तिथेच बसवा. वर-खाली क्वार्ट्झ वूल. उत्प्रेरक २ ग्रॅम, गॅमा ॲल्युमिना किंवा एचझेडएसएम-५ (हा झिओलाइट, म्हणजे सूक्ष्म छिद्रांचा पदार्थ), दाबून फोडून चाळलेला, कण २५० ते ५०० मायक्रॉन. नळीचा आतला व्यास कणाच्या दहापट तरी हवा, नाहीतर वायू भिंतीकडेने निसटतो आणि उत्प्रेरक उगाच वाईट ठरतो. पूड तशीच भरली तर नळी तुंबते, दाब चढतो. इथेनॉल एचपीएलसी पंपाने (अगदी कमी पण अचूक प्रवाह देणारा पंप) तासाला अडीच मिलिलिटर. म्हणजे उत्प्रेरकाच्या वजनाइतकंच इथेनॉल दर तासाला जातं. सोबत नायट्रोजन, मास फ्लो कंट्रोलरमधून (वायूचा प्रवाह नेमका ठेवणारं उपकरण).

थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) उत्प्रेरकाच्या थरात जायलाच हवं. ही प्रक्रिया उष्णता खाते, मोलला सुमारे ४५ किलोज्यूल. भट्टीच्या भिंतीवर ४०० दिसत असताना थर बराच थंड असू शकतो. थंड थरात इथिलीनऐवजी डायइथाइल ईथर वाढतं आणि विद्यार्थी त्याचा दोष उत्प्रेरकाला देत बसतो.

सगळ्यात जास्त निकाल बिघडतात ते रिॲक्टर आणि क्रोमॅटोग्राफ यांच्यामधल्या नळीमुळे. ती पूर्ण लांबीभर १२० ते १५० अंशांवर गरम हवी. एखाद्या फिटिंगवर हीटिंग टेप गुंडाळायची राहिली, तर तिथे पाणी आणि न वापरलं गेलेलं इथेनॉल साचतं, आणि आत गेलेला कार्बन व बाहेर आलेला कार्बन जुळत नाही. हा ताळा ९५ ते १०५ टक्क्यांत येईपर्यंत एकही आलेख काढू देऊ नका. पहिले दोन-तीन महिने यातच जातील, जाऊ द्यात. आधी उत्प्रेरकाशिवाय, नुसत्या क्वार्ट्झ वूलवर एक पूर्ण फेरी घ्या. स्टीलची गरम भिंतही थोडं ॲसिटाल्डिहाइड करते, तो आकडा माहीत असलेला बरा.

आणखी एक. उत्प्रेरक किती टिकतो हे १०० टक्के रूपांतरणावर कधीच तपासू नये. थराचा वरचा अर्धा भाग मेला तरी खालचा अर्धा काम उरकतो आणि आलेख सपाट दिसतो. इथेनॉलचा वेग वाढवून रूपांतरण ६०-७० टक्क्यांवर आणा, मग किमान १०० तास चालवा. खरी घसरण तेव्हा दिसते. कोक (उत्प्रेरकावर साचलेला कार्बन) जाळून काढताना सरळ हवा सोडू नका. नायट्रोजनमध्ये २ ते ५ टक्के ऑक्सिजन ठेवून हळूहळू ५०० ते ५५० अंशांपर्यंत जा, नाहीतर थर आतून तापून झिओलाइट बिघडतो. वीज गेली की पंप बंद पण भट्टी गरम, अशी वेळ येते, म्हणून नायट्रोजनला वीज गेल्यावर उघडा राहणारा व्हॉल्व्ह द्या आणि कंट्रोलरला यूपीएस.

दुसरा टप्पा आणि हायड्रोजनचा टप्पा दाबाखाली चालतात. त्या नळ्यांचं काम मात्र नेहमीच्या लेथवर भागवू नका. पाण्याने दाबचाचणी झालेली, प्रमाणपत्र असलेली नळी आणि फिटिंग घ्या. हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्के आणि इथिलीन साधारण २.७ ते ३६ टक्के प्रमाणात पेटतं. सिलिंडर खोलीबाहेर साखळीने बांधलेले, आत छताजवळ हायड्रोजन सेन्सर. ईथर साठवून ठेवू नका, त्यात पेरॉक्साइड तयार होतं. शुद्ध इथेनॉलसाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, तो अर्ज पहिल्याच महिन्यात टाका.

पाचट_कुजवा

जीवनचक्राचा हिशोब एकट्या पर्यावरणवालीच्या गळ्यात घालू नका, एवढीच विनंती. हे इंधन केरोसिनपेक्षा चांगलं की नाही, हे शेवटी शेतातच ठरतं.

एक किलो केरोसिन जळालं की ३.१६ किलो सीओटू. कॉर्सियाच्या (आंतरराष्ट्रीय विमानांच्या उत्सर्जनासाठीच्या योजनेच्या) पद्धतीत विहिरीपासून इंजिनापर्यंतचा पायाभूत आकडा ८९ ग्रॅम प्रति मेगाज्यूल धरतात. आता 'सुरू' उसाची (जानेवारी-फेब्रुवारीच्या लागणीची) शिफारस घ्या, हेक्टरी २५० किलो नत्र. आयपीसीसीच्या (हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या) मूळ गुणांकाप्रमाणे त्यातलं १ टक्का नत्र नायट्रस ऑक्साइड म्हणून उडतं: २.५ गुणिले ४४ भागिले २८, म्हणजे ३.९ किलो. तापमानवाढीची क्षमता २६५ धरली तर सुमारे १,०४० किलो सीओटूइतका परिणाम. हेक्टरी १०० टन ऊस आणि रसापासून टनाला ७० लिटर इथेनॉल धरा, तर एवढ्यानेच मेगाज्यूलमागे ७ ग्रॅम झाले. यात युरिया बनवण्याचा गॅस, उपशाची वीज, पाचट जाळणं, स्पेंटवॉशच्या उघड्या टाकीतला मिथेन, काहीच नाही. आडसालीला (सुमारे दीड वर्षाच्या उसाला) नत्र ४०० किलोपर्यंत जातं, पण उत्पादनही वाढतं. तो आकडा वेगळा काढायला सांगा.

मळीचं इथेनॉल असेल तर साखर आणि मळी यांच्यात ओझं कसं वाटायचं, हा खरा वादाचा मुद्दा. कॉर्सिया ऊर्जेच्या प्रमाणात वाटते. विद्यार्थिनीने तेच मुख्य ठेवावं, पण वजन आणि बाजारभाव यांच्या प्रमाणातही करून दाखवावं. उत्तर किती हलतं ते प्रबंधात लपवायचं नाही.

आणि वाफ_आणि_बगॅस यांच्याशी एका बाबतीत माझं जमत नाही. इथेनॉल "जिल्ह्यातच तयार होतं" हे खरं, पण ते पेट्रोलमध्ये मिसळायलाही जातं. तेच इथेनॉल विमानाकडे वळवलं आणि गाडीत पुन्हा पेट्रोल आलं, तर हवेला काय फायदा? चौघांपैकी एकाचा विषय बगॅस किंवा पाचटापासूनच्या इथेनॉलचा असलाच पाहिजे.

वाफ_आणि_बगॅस

मान्य. फक्त बगॅस आज बॉयलरमध्ये जातं आणि वीज होते, तेव्हा त्याचाही हिशोब फुकट धरता येणार नाही. पाचट घ्या.

जेट_ए_वन

नमुन्याच्या प्रश्नाबद्दल. पूर्ण मान्यतेसाठी एएसटीएम डी४०५४ ची पायरीपायरीची चाचणी असते आणि शेवटच्या पायऱ्यांना इंधन हजारो लिटरच्या मापात लागतं. ते पीएच.डी.चं काम नव्हे. पण पूर्वचाचणी मिलिलिटरमध्ये होते. द्विमितीय गॅस क्रोमॅटोग्राफीने कोणते रेणू किती आहेत ते काढायचं आणि त्यावरून घनता, गोठणबिंदू, चिकटपणा, ज्वलनांक यांचा अंदाज बांधायचा. जेट ए-१ ला १५ अंशांवर घनता ७७५ ते ८४० किलो प्रति घनमीटर, गोठणबिंदू उणे ४७ किंवा खाली, ज्वलनांक किमान ३८ अंश. सरळ साखळ्या जास्त झाल्या की गोठणबिंदू बिघडतो. फांद्या वाढल्या की सुधारतो. हे नातं विद्यार्थ्याला तोंडपाठ हवं.

शुद्ध इथेनॉल-जेटची घनता ७३० ते ७७० च असते आणि त्यात ॲरोमॅटिक (बेंझिनसारखी कडी असलेले रेणू) जवळजवळ नसतात. मिश्रणात ते किमान ८ टक्के लागतात, कारण जुन्या नायट्राइल रबरच्या सीलना फुगून घट्ट बसायला त्यांची गरज असते. उलट जळताना काजळी होते ती मुख्यतः त्यांच्यामुळेच. काजळीच्या कणांवर बर्फ धरतो आणि विमानामागे पांढरी रेघ उमटते. विमानवाहतुकीच्या आजवरच्या तापमानपरिणामात सुमारे दोन-तृतीयांश वाटा सीओटूखेरीज इतर गोष्टींचा आहे, आणि त्यात या रेघांपासून बनणारे ढग सगळ्यात मोठे. म्हणून सीलला पुरतील पण काजळी कमी करतील असे सायक्लोअल्केन (कडीचे, पण ॲरोमॅटिक नसलेले रेणू) हा एक सुंदर विषय आहे.

ज्याला फ्यूम हूड (वाफा ओढून घेणारं प्रयोगाचं कपाट) मिळणार नाही, त्याला रेघांचं काम द्या. ईआरए५ हा जगभरच्या हवामानाचा विदा मोफत आहे, पायकॉन्ट्रेल्स हे रेघांचं गणित करणारं खुलं सॉफ्टवेअर आहे. श्मिट-ॲपलमन निकष (कोणत्या हवेत रेघ उमटते ते सांगणारा) आधी हाताने सोडवून घ्या. ईआरए५ मध्ये उंचावरची बाष्पाची अतिसंपृक्तता नीट पकडली जात नाही, ही त्रुटी धरूनच निष्कर्ष लिहायचे.

सागरमाळ_रसायन

सर्वांचे मनापासून आभार. पाचटाचा विषय नक्की केला, आणि रेघांचा केमिकल इंजिनिअरकडे देतोय. एकच शंका: कारखान्याचं इथेनॉल थेट वापरलं तर दुसऱ्या टप्प्यातला निकेलचा उत्प्रेरक टिकेल का?

उद्यमनगर_फिटर

तसंच वापरलं तर टिकेलच याचा भरवसा नाही. आपल्याकडे रस स्वच्छ करायला गंधकाचा धूर देतात, त्यातलं थोडं गंधक मळीतून इथेनॉलपर्यंत येऊ शकतं, आणि निकेलवर बसलेलं गंधक सहजी निघत नाही. आधी एएसटीएमच्या डी५४५३ पद्धतीने गंधक मोजून घ्या. झिंक ऑक्साइडचा थर हायड्रोजन सल्फाइड छान पकडतो, पण डायमिथाइल सल्फाइड त्यातून निसटतं. इंधनासाठीचं इथेनॉल डिनेचर केलेलं (पिता येऊ नये म्हणून त्यात दुसरं काही मिसळलेलं) असेल तर ती भेसळ वेगळा गोंधळ घालते, त्यामुळे न मिसळलेलं मागा. पहिल्या फेऱ्या शुद्ध इथेनॉलवर, मग त्यातच मोजून गंधक घालून, आणि शेवटी कारखान्याचा माल. हा क्रम उलटा केला तर उत्प्रेरक कशाने मेला ते सांगता येणार नाही.