दुपारचं इन्सुलिन चुकवणाऱ्या मुलाशी बोलायचं कसं?

सिडकोतली आई
मुलगा १६ वर्षांचा, अकरावीला. नववीत असताना टाइप १ मधुमेह निघाला. सकाळ-संध्याकाळचं इन्सुलिन घरी घेतो. दुपारचं मात्र क्लासच्या दिवशी हमखास चुकतं. पोरं कॉलेज रोडला मिसळ खायला जातात, हाही जातो, इन्सुलिनचं पेन दप्तरातच राहतं. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ७.९ होतं, आता ९.८ आलंय. रागावून झालं, रडून झालं, डोळे-किडनीचं सगळं सांगून झालं. 'हो गं' म्हणतो आणि खोलीचं दार लावून घेतो. डॉक्टरांनी मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग करणाऱ्या समुपदेशकाचं नाव दिलंय. हे नेमकं काय असतं? घरी मला काही करता येईल का?

शाळेतली समुपदेशक, नाशिकरोड
ताई, हे 'हो गं' मी रोज ऐकते. तुमच्या मुलाला माहिती कमी पडत नाहीये. त्याला बरं राहायचंय, आणि मित्रांत वेगळंही दिसायचं नाहीये. दोन्ही खरं आहे. आपण एका बाजूने ओढलं की तो दुसऱ्या बाजूचा वकील होतो.

मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग ही पद्धत मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये दारूच्या व्यसनावर काम करताना मांडली, पुढे स्टीफन रॉलनिक त्यांच्यासोबत आले. गाभा एवढाच, की बदलाची कारणं समोरच्याच्या तोंडून यायला हवीत.

एक मुलगी रात्री दोनपर्यंत मोबाइलवर असायची. मी विचारलं, "लवकर झोपणं तुला किती महत्त्वाचं वाटतं, ० ते १०?" म्हणाली ४. "८ का नाही?" असं विचारलं असतं तर तिने सबबी सांगितल्या असत्या. मी विचारलं, "४ कसे काय? १ का नाही?" बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "सकाळी ग्राउंडवर पाय उचलत नाहीत. सर रिलेतून काढतील मला." मी म्हटलं, "रिले तुला सोडायची नाहीये." आणि थांबले. पुढचं तीच बोलली, झोपेची वेळही तिनेच ठरवली. झोपेवर मी भाषण दिलं असतं तर ही रिले मला कधी कळलीच नसती.

माहिती द्यायचीच असेल तर आधी विचारा, "सांगू का?" नाही म्हणाला तर राहू द्या. मात्र उलट्या, पोटदुखी, धाप किंवा गुंगी दिसली तर बोलत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

सातपूरकर
म्हणजे पोरांच्या कलानेच घ्यायचं का? माझ्या मुलाच्या खिशात तंबाखूची पुडी सापडली, मी दोन लगावल्या.

शाळेतली समुपदेशक, नाशिकरोड
दादा, घरात तंबाखू चालणार नाही हे ठामपणे सांगाच. पण मारल्यावर पुडी खिशातून दुसरीकडे जाते. ती त्याला कधी लागते, कुणासोबत असताना लागते, हे त्याला विचारलंत का? तिथून सुरुवात करा, मनापासून सांगते.

पेनवाला, २३
मला नवव्या वर्षापासून टाइप १ आहे. कॉलेजात मी बाथरूममध्ये जाऊन टोचायचो, नाहीतर टाळायचो. पेन काढताना मला काय होतं, हे पहिल्यांदा एका डॉक्टर मॅडमनी विचारलं. मग मीच ठरवलं, एकाच मित्राला सांगायचं. ऑर्डर दिली की तो टेबलाखालून पाय मारायचा. त्यानंतर क्वचितच चुकलं.

सिडकोतली आई
काल मेथी निवडताना विचारलं, "दुपारी पेन काढताना कसं वाटतं रे?" आणि निवडत राहिले. खूप वेळाने म्हणाला, "सगळे बघतात गं. एकाने विचारलं, नशा करतोस का." 'कोण तो?' अगदी ओठांवर आलं होतं, गिळलं. "फार लागलं तुला ते," एवढंच म्हटलं. तो उठून गेला नाही. समोरची जुडी ओढून घेतली आणि पानं खुडत बसला. गुरुवारी समुपदेशकाकडे येतो म्हणालाय, पण आत एकटाच बसणार. मी बाहेर थांबेन.