कॅराव्हॅनमध्ये कप-ग्लास कुठले ठेवता? (आणि फुटू न देता कसे?)

चाकावरचं_घर
मंडळी, मदत करा. परवा मुक्कामी पोचून दार उघडलं, तर वरच्या कपाटाचं झाकण आ वासून उघडं आणि खाली काचेचा सडा. सहापैकी पाच ग्लास गेले. सहावा गादीवर पडला म्हणून वाचला. झाडलं, पुसलं, ओला कागद फिरवला, तरी तीन दिवसांनी सरकत्या दाराच्या खाचेतून एक कपची निघालीच. निघाली म्हणजे लेकाच्या टाचेत घुसली.

आम्ही चौघं : मी, नवरा, सात वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. चहा, कॉफी, पाणी, सरबत, कधी संध्याकाळी थोडी वाईन. बजेट अगदी कमी, चार साध्या कपांना लागतील तेवढेच पैसे. आणि सगळं मिळून वजन दीड किलोच्या आत हवं, गाडीची वजनमर्यादा आधीच गळ्याशी आलीय. सासूबाईंची अट : स्टीलमधून चहा पिणार नाही, ओठ भाजतात.

पोलादी_पेला
डोळे झाकून दुहेरी भिंतीचे व्हॅक्यूम टंबलर घ्या. बाकी सगळा कचरा. माझे आठ वर्षं चाललेत. एकदा बंपरवर विसरलो, गाडी निघाली, रस्त्यावर आपटला, पोचा आला, पण आजही तोच वापरतो. ३०४ दर्जाचं स्टील बघून घ्या, त्यावर १८/८ लिहिलेलं असतं, म्हणजे १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. चौघांना चार चहाचे, चार पाण्याचे. थोडे महाग पडतील, पण एकदाच.

निवांत_मुसाफिर
दादा, बजेट वाचलंत का? आणि वजन? माझा टंबलर आत्ता काट्यावर ठेवला, झाकणासकट ३४० ग्रॅम. आठ घेतले तर पावणेतीन किलोच्या जवळ जातात.

पोलादी_पेला
वजन वजन काय लावलंय. एक जण कमी जेवला की झालं.

आत्याबाई
पोलादी, पोचा आलाय तर आतली पोकळी अजून निर्वात आहे का ते बघून घ्या. उकळतं पाणी ओतायचं, पाच मिनिटांनी बाहेरून हात लावायचा. एखाद्या जागी चटका बसला तर व्हॅक्यूम गेलं, आता तो नुसता जड पेला.

सासूबाईंचं म्हणणं एकेरी स्टीलबाबत शंभर टक्के खरं आहे, काठ चहाइतकाच तापतो. दुहेरीत ओठ वाचतात पण जीभ भाजते, कारण आत किती गरम आहे ते हाताला कळतच नाही. माझी दोनदा भाजलीय. आणि झाकणाची रबरी रिंग काढून धुवा हो. मी एक अख्खा मोसम काढली नव्हती, खाली काळी बुरशी. तोवर सगळ्यांना वाटत होतं टाकीतल्या पाण्यालाच वास येतोय.

खडखडाट
आधी एक सांगा. तुमची कॅराव्हॅन आहे की मोटरहोम? लोक सरसकट कॅराव्हॅन म्हणतात. मागे जोडून ओढतात ती कॅराव्हॅन, स्वतःच्या इंजिनावर चालते ते मोटरहोम. सल्ला त्यावर अवलंबून आहे.

चाकावरचं_घर
ओढायचीच आहे.

खडखडाट
मग तुमचं दुखणं वेगळं. आमच्या मोटरहोममध्ये दोन कप एकमेकांना लागले तरी पाच मिनिटांत डोकं उठतं, गाडी थांबवून काहीतरी कोंबावंच लागतं. ओढायच्या गाडीत प्रवासात माणूस नसतं, त्यामुळे फुटेपर्यंत आवाज कुणाला ऐकूच येत नाही. म्हणून फोन रेकॉर्डिंगवर लावून कपाटात ठेवा आणि खराब रस्त्यावर थोडं फिरून या. कुठल्या फळीवर काय वाजतं ते घरी बसून ऐका. मी केलंय. सगळ्यात जास्त आवाज चमच्यांचा निघाला.

हिरवी_वाट
आम्ही बांबूचे कप वापरतो. हलके, दिसायला छान, पडले तरी फुटत नाहीत, शिवाय पर्यावरणाला चांगले.

गाळणी
हिरवी_वाट, ते बहुतेक वेळा नुसते बांबूचे नसतात. बांबूची पूड आणि ती धरून ठेवायला मेलामाइन रेझिन, म्हणजे प्लास्टिकच. जर्मनीच्या जोखीम मूल्यांकन संस्थेने, बीएफआरने, सांगितलंय की ७० अंश सेल्सिअसच्या वरच्या पेयाला असे कप नकोत, मेलामाइन आणि फॉर्माल्डिहाइड पेयात उतरतं. ताजा चहा त्याच्या वरच असतो. सरबताला वापरा.

हिरवी_वाट
आम्हाला चार वर्षांत काही झालेलं नाही.

पोलादी_पेला
म्हणून म्हणतो, स्टील.

रानवारा
काचेसारखं दिसायला हवं असेल तर ट्रायटन, म्हणजे एक पारदर्शक प्लास्टिक. काच पाण्याच्या साधारण अडीचपट जड, ट्रायटन १.१८ पट, म्हणजे तेवढाच ग्लास निम्म्याहून कमी वजनात. त्यात बीपीए, म्हणजे काही प्लास्टिकमधलं ते नको असलेलं रसायन, नसतं. पॉलीकार्बोनेट असेल तर असतं, म्हणून तळाशी काय लिहिलंय ते वाचा. स्वस्त म्हणून ॲक्रिलिक आणू नका. आम्ही वाईनचे ॲक्रिलिकचे ग्लास आणले, तिसऱ्या फेरीला काठाजवळ कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा. अल्कोहोल आणि गरम पाणी दोन्ही त्याला सोसत नाही.

द्राक्षासव
वाईन प्लास्टिकमधून? त्यापेक्षा पिऊ नका. माझ्याकडे तळाशी चुंबक बसवलेले काचेचे ग्लास आहेत, खाली धातूची चकती चिकटवायची, तिरक्या जागेवरही हलत नाहीत. पाहुणे आले की आधी ग्लासच बघतात.

निवांत_मुसाफिर
किती ग्रॅम?

द्राक्षासव
मोजले नाहीत. मी वाईन पितो, वजनं करत नाही.

गाळणी
टफन्ड काचेचा विचार करा. ड्युरालेक्सचे पिकार्डी ग्लास, फ्रान्समध्ये १९५०च्या दशकापासून बनतात. काच खूप तापवून बाहेरून झटकन गार करतात, त्यामुळे पृष्ठभाग दाबाखाली राहतो आणि आघात जास्त सोसतो. फुटलीच तर लांब सुळे होत नाहीत, बोथट दाणे होतात. तुमच्या लेकाची टाच वाचली असती.

आत्याबाई
बोथट दाणे खरे, पण शेकडो! आमचा रात्री दोन वाजता आपोआप फुटला, कुणी हात लावला नव्हता. मला वाटलं चोर आला. यांनी बॅटरी घेतली, मी झाडू.

गाळणी
आत्याबाई, आपोआप नाही, आधी कुठेतरी चरा पडलेला असणार. एकात एक कोरडे ठोकून ठेवले की चरे पडतात. मधे कापड घाला. आणि अडकले तर ओढू नका. आतल्यात गार पाणी घाला, बाहेरचा कोमट पाण्यात धरा. आतला आकसतो, बाहेरचा फुगतो, सुटतात.

आत्याबाई
कुणी ठोकले नव्हते. पण असो.

किटली
एनॅमलचे मग घ्या. टिकाऊ.

खडखडाट
टिकाऊ म्हणजे टवका उडेपर्यंत. वरचा थर काचेचाच, तो उडाला की खालचं लोखंड गंजतं. आणि एनॅमलचा काठ स्टीलइतकाच चटका देतो, सासूबाई तुम्हाला खिडकीतून बाहेर काढतील.

रानवारा
सगळे कपांवर भांडताय, पण मूळ पोस्टमध्ये कपाटाचं झाकण उघडलं होतं, तिकडे कुणी बघायला तयार नाही. झाकण बंद राहिलं असतं तर साधे ग्लासही बरेचसे वाचले असते. आधी ती कडी बदला. तोवर फळीपुढे स्प्रिंगचा आडवा दांडा लावा, पडद्याला असतो तसला.

दुसरं, फळीवर नुसती रबरी जाळी घालून भागत नाही. जाळी सरकणं थांबवते, उडणं नाही. खड्ड्यात भांडी वर उडतात. फुटतात ती मोकळ्या जागेमुळे. कपाट भरलं की मूठभर भांडी हाताने गदगदा हलवून बघा, जिथे हललं तिथे टॉवेल, मोजा, काय असेल ते कोंबा. पालथे ठेवू नका, सगळा मार पातळ काठावर बसतो, शिवाय आत ओल कोंडून वास येतो.

आणि वर कशाला ठेवायचे? जड सामान खाली आणि चाकांच्या आसाजवळ, हे नेहमीचंच. मागचं टोक सगळ्यात जास्त उसळतं. तुमचं ते कपाट मागे आहे ना?

चाकावरचं_घर
हो, अगदी मागच्या भिंतीवर. :(

पोलादी_पेला
मागे असलं तरी स्टील फुटत नाही. मी पहिल्याच प्रतिसादात म्हटलं होतं.

किटली
+१. कडी बदला आणि मोजे घाला.

चाकावरचं_घर
सगळ्यांचे आभार. जाऊन आलो, म्हणून लिहितेय.

काहीच विकत घेतलं नाही. घरातलेच चार जुने चिनी मातीचे मग उचलले, कारण सासूबाईंनी दुकानात ट्रायटनचा ग्लास टिचकी मारून बघितला आणि "हे खेळण्यातलं आहे" म्हणून परत ठेवला. चार मग १ किलो ३१० ग्रॅम. वाचलेला सहावा ग्लास १८० ग्रॅम. एकूण १ किलो ४९०, दहा ग्रॅम शिल्लक. पाणी, सरबत, चहा सगळं त्याच मगमधून, त्यामुळे धुवायलाही कमी. वाईनला ग्लास एकच, आळीपाळीने.

प्रत्येक मग नवऱ्याच्या जाड लोकरी मोज्यात घातला, भांडी धुवायच्या टबात उभे बसवले, मधे पुसायची फडकी, आणि टब खालच्या कपाटात, चाकाच्या बरोबर वर. ग्लास सासूबाईंनी स्वतःच्या शालीत गुंडाळून पुढच्या गाडीत मांडीवर घेतला. सगळ्या रस्त्यात टवकासुद्धा उडाला नाही. घरी आल्यावर टब उतरवताना नवऱ्याने दाराच्या चौकटीला आपटला आणि एका मगचा कान गेला.

कडी अजून बदललेली नाही. त्या कपाटात आता उशा ठेवल्यात.

निवांत_मुसाफिर
मोजे धरलेत का वजनात?

चाकावरचं_घर
मुक्कामी पोचलं की ते पायात जातात. ते कपड्यांच्या वजनात.