मदत हवी आहे: दिवाळीत भूतान, मुलांचे कागद अडलेत

शर्वरी_क:
जरा लवकर सांगा प्लीज. दिवाळीच्या सुट्टीत भूतानला जायचं ठरलंय, पारोच्या विमानाचं भाडं रोज वाढतंय आणि एजंट म्हणतो कागद पूर्ण नाहीत. आधार सगळ्यांचं आहे, भारतीयांना व्हिसा लागत नाही, मग अडलंय कुठे? आणि सासूबाईंना टायगर्स नेस्ट, तो कड्यावरचा मठ, बघायचाच आहे, चढण झेपेल का त्यांना?

रानवाटा:
किती जण, मुलं केवढी, सासूबाईंचं वय काय, काहीच लिहिलं नाहीयेत. आधार तिथे चालत नाही. पासपोर्ट, तोही किमान सहा महिने व्हॅलिड, नाहीतर वोटर कार्ड. व्हिसा नसला तरी एंट्री परमिट लागतंच.

डोंगरदादा:
विमानाने कशाला? बागडोगऱ्याला उतरा, गाडीने सीमेवरचं जयगाव, कमान ओलांडली की भूतानचं फुन्शोलिंग. देश चढत चढत बघायला मिळतो, विमानात काय दिसणार.

मीनल७८:
दादा, दिल्लीहून पारोला जाताना डावीकडच्या खिडकीतून हवा साफ असेल तर एव्हरेस्ट दिसतं. आणि फुन्शोलिंग ते थिंफू पाच-सहा तास घाट आहे, लहान मुलं असतील तर उलट्या ठरलेल्या. आम्ही रस्त्याने गेलो होतो, परत जाईन तर विमानानेच.

डोंगरदादा:
उलटीची गोळी मिळते हो. घाटाला घाबरून प्रवास होतो का?

भटकी_सुमी:
त्यापेक्षा सिक्कीम करा ना. रुमटेक, पेलिंग, तेच बौद्ध मठ, तोच हिमालय. भूतानला प्रत्येक रात्रीचे एका माणसामागे १,२०० रुपये नुसती सरकारी फी, एसडीएफ म्हणतात ती. हॉटेल-गाडी वेगळी.

रानवाटा:
सिक्कीमचं कोणी विचारलेलं नाही. आणि फी मुलांना कमी आहे, ६ ते १२ वर्षांना निम्मी, त्याहून लहानांना नाही. शर्वरीताई, वयं सांगा की.

शर्वरी_क:
आम्ही पाच जण. मुलगी ९, मुलगा ४, सासूबाई ६७. आम्हा दोघांचे पासपोर्ट आहेत, सासूबाईंचं वोटर कार्ड आहे. मुलांचे पासपोर्ट नाहीत पण जन्मदाखले आहेत ना. आता एजंटने सांगितलं की मुलाच्या दाखल्यावर नावच नाही. खरंच नाहीये, नावाच्या जागी रेघ आहे, हॉस्पिटलमधून नोंद गेली तेव्हा बारसं व्हायचं होतं.

मीनल७८:
मग अडलंय ते इथे! वर्षाचे ३६५ दिवस लोक भूतानला जातात, सगळे कागदच अडकवतात.

तलाठीकन्या:
घाबरू नका, हे खूप जणांचं असतं. जन्माची नोंद जिथे झाली त्याच नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जन्म-मृत्यू विभागात जायचं, नाव समाविष्ट करण्याचा अर्ज द्यायचा. वर्षाच्या आत फुकट, नंतर लेट फी, पण नोंदणीपासून १५ वर्षांपर्यंत नाव घालता येतं. जुना दाखला, दोघांचे आयडी, मुलाचं बोनाफाईड सोबत न्या. इंग्रजी स्पेलिंग मात्र तिथेच उभं राहून अक्षर न् अक्षर वाचा, एकदा चढलेलं नाव नंतर सहज बदलत नाही. आणि नाव चढेपर्यंत नॉन-रिफंडेबल तिकीट काढू नका.

डोंगरदादा:
आणि सासूबाईंच्या वोटर कार्डावर लग्नाआधीचं नाव नाही ना? तिकीट कार्डावरच्या नावानेच काढा.

पिठलंभाकरी:
खाण्याचं बघून ठेवा. एमा दात्शी म्हणजे चीजमधल्या मिरच्या, आणि मिरची तिथे भाजी म्हणून खातात. मुलांना केवा दात्शी द्या, बटाट्याची असते. लाल भात मस्त लागतो. मेतकूट न्याच.

शर्वरी_क:
खाण्याचं नंतर बघू हो. टायगर्स नेस्टचं कुणी सांगेल का? सासूबाईंसाठीच तर चाललोय. बौद्ध गुरु पद्मसंभव तिथल्या गुहेत ध्यानाला बसले होते हे त्यांनी वाचलंय तेव्हापासून त्यांचं तेच चाललंय.

मीनल७८:
गुडघे कसे आहेत ते आधी सांगा. मठ साधारण ३,१२० मीटरवर आहे, आपलं कळसूबाई १,६४६. घोडे मिळतात पण अर्ध्या वाटेवरच्या कॅफेटेरियापर्यंतच, पुढे शेकडो पायऱ्या, आणि उतरताना घोडा नाही. माझ्या आईने कॅफेटेरियापर्यंत केलं, तिथून समोर कड्यावर पूर्ण मठ दिसतो, तिचं समाधान झालं. पहिल्याच दिवशी करू नका, आधी थिंफू, मग पुनाखा करा, तेवढ्यात हवेची सवय होते. पुनाखा खाली आहे, १,२०० मीटरच्या आसपास, थंडी कमी.

भटकी_सुमी:
म्हणजे ५ रात्रींचे मोठ्या तिघांचे १८,००० आणि मुलीचे ३,०००, एकवीस हजार फीमध्येच. मी म्हणत होतेच.

रानवाटा:
सुमी, त्यांना त्या मठातच जायचंय. सिक्कीममध्ये तो नाही.

शर्वरी_क:
गुडघे बरे आहेत, रोज टेकडी चढतात. उद्याच नगरपालिकेत जातेय. तलाठीकन्या, मुलगा अजून शाळेत नाही, प्लेग्रुपचं पत्र चालेल का? आणि मुलगी अन् मुलगा दोघांचे दाखले मराठी-इंग्रजी एकत्र असलेले लागतील की नुसता मराठी चालतो?