ग्रिडवर सॅन्स सेरिफ फाँट करतोय, ओ लहान दिसतो आणि एस डोकेजड, काय करू?

ठोकळा
नमस्कार मंडळी. डिझाइन वगैरे काही शिकलेलो नाही, हौस म्हणून फाँटस्ट्रक्टवर (चौकोनांच्या जाळीवर, म्हणजे ग्रिडवर, ठोकळे मांडून फाँट करायची वेबसाइट) एक सॅन्स सेरिफ, म्हणजे रेघांच्या टोकांना शेपट्या नसलेला, फाँट करतोय. कॅपिटल अक्षरं सात चौकोन उंच, पाच चौकोन रुंद, रेघेची जाडी सगळीकडे एक चौकोन आणि कोपऱ्यांना पाव वर्तुळाचे ठोकळे. एच, ई, एल, टी पटापट झाली, वाटलं संध्याकाळपर्यंत उरकतंय. पण ओ काढून एचच्या शेजारी ठेवला तर लहान दिसतो, मोजलं तर दोन्ही सातच्या सात. एसचं डोकं मोठं वाटतं, वरची आणि खालची पोकळी अगदी सारखी असूनही. एम पाचात बसला पण त्याच रुंदीत ई पसरट दिसतो. केचे हातपाय बारीक. आणि शब्द टाइप केला की कुठे फट, कुठे गर्दी. हे सगळं ग्रिडमुळे होतंय की मला जमत नाहीये म्हणून? ग्रिड सोडून सरळ वक्र काढायला शिकू का? पुढेमागे देवनागरीही करायचं मनात आहे.

अर्धाचौकोन
ग्रिड सोडू नकोस, आधी चौकोनांचा हिशोब बदलून बघ. ई, एस, बी या अक्षरांत तीन आडव्या रेघा असतात. सातातून तीन गेल्या, उरले चार, म्हणजे वर दोन खाली दोन. कागदावर हे समान आहे पण डोळ्याला वरचा अर्धा भाग नेहमी मोठा वाटतो, म्हणून छापील अक्षरांत मधली रेघ मध्यापेक्षा जरा वर असते आणि एसचं वरचं पोट खालच्यापेक्षा लहान. तुझा एस उलटा करून बघ, तुझा आहे तसाच दिसेल, चांगल्या फाँटमधला एस उलटा केला की लगेच विचित्र वाटतो. आता उंची आठ कर. आठातून तीन गेल्या, उरले पाच, वर दोन आणि खाली तीन, काम झालं. हौशी लोक सम आकड्याला उगीच घाबरतात की मध्य सापडणार नाही, अरे पण मध्य नकोच आहे आपल्याला!

रुंदीचंही तेच. एमला तीन खांब आणि दोन पोकळ्या म्हणजे किमान पाच चौकोन. एचला चार पुरतात, ई आणि एलला चार किंवा साडेतीनसुद्धा चालेल. सगळी अक्षरं एका मापात कोंबायची सक्ती फक्त मोनोस्पेस, म्हणजे सगळी अक्षरं एकाच रुंदीची असलेल्या फाँटला, तुला कुणी केलीये?

ओ लहान दिसतो कारण गोल आकार वर आणि खाली टोकाला जरासाच टेकतो, एचच्या सपाट टोकांसारखा पूर्ण नाही. म्हणून गोल अक्षरं उंचीच्या साधारण एक-दोन टक्के बाहेर काढतात, वरूनही आणि खालूनही, याला ओव्हरशूट म्हणतात. आता तुझ्या ग्रिडमध्ये अर्धा चौकोन म्हणजेच सात टक्के होतात, म्हणजे ग्रिडवर हे होणारच नाही. टीटीएफ (फाँटची फाइल) एक्स्पोर्ट करून फाँटफोर्ज या फाँट एडिटरमध्ये उघड आणि तिथे कर. कॅपिटलची उंची ७०० युनिट असेल तर १० युनिट बाहेर, बस. दुसरा उपाय म्हणजे कोपऱ्याची गोलाई कमी ठेव, वर मधे तीन चौकोन सपाट राहिले तर ओव्हरशूट जवळजवळ लागतच नाही.

रेघारेघ
थांबा थांबा. ग्रिडवर फाँट करायचा आणि मग फाँटफोर्जमध्ये नेऊन ग्रिड लपवायचा, मग ग्रिड घेतला कशाला? डच कलाकार थेओ व्हान डूसबुर्गने १९१९ मध्ये पाच बाय पाचच्या चौकोनात अख्खी वर्णमाला बसवली, एकही वक्र नाही. वाचायला त्रास होतो, खरंय, पण दुरून ओळखता येते. डच डिझायनर विम क्राऊवेलचा १९६७ चा न्यू अल्फाबेट तर त्याहून टोकाचा, तेव्हाच्या कॅथोड रे ट्यूबवाल्या टाइपसेटिंग मशीनवर वक्र धड उमटत नव्हते म्हणून त्याने फक्त उभ्या-आडव्या रेघा आणि ४५ अंशात कापलेले कोपरे ठेवले. काही अक्षरं तर सांगितल्याशिवाय कळत नाहीत. तो स्वतःच म्हणायचा की हे रोज वापरायला नाही, प्रयोग आहे.

माझं म्हणणं एवढंच की आधी ठरव, ग्रिड दिसायला हवा की नको. दिसायला हवा असेल तर ओ लहान दिसला तरी दिसू दे आणि सगळीकडे तोच नियम पाळ. अर्धवट सुधारलेला फाँट सगळ्यात वाईट, पोस्टरवर मोठ्ठा छापला की लगेच कळतं.

अर्धाचौकोन
पोस्टरपुरतं ठीक आहे, पण त्याला शब्द नीट वाचता यायला हवेत असं दिसतंय, फट आणि गर्दीची तक्रार करतोय की. आणि ग्रिड मोडायची परंपराही जुनीच आहे, चौदाव्या लुईच्या काळात फ्रान्समध्ये तज्ज्ञांच्या समितीने ४८ बाय ४८ म्हणजे २३०४ चौकोनांवर अक्षरं आखली होती, आणि प्रत्यक्ष पंच (अक्षराचा पोलादी ठसा) कापणाऱ्या ग्राँजाँने ती आपल्या नजरेने बदलली. (तो फाँट सेरिफवाला होता हे माहितेय, लगेच धावून येऊ नका.) पिक्सेलवरसुद्धा बघा, सुझन केअरने मॅकिंटॉशसाठी केलेला शिकागो, १९८४, त्यात उभ्या रेघा दोन पिक्सेलच्या आणि आडव्या एक. आडवी रेघ त्याच जाडीची असली तरी जाड भासते, म्हणून उभी जास्त जाड. पूर्ण ग्रिडमध्ये राहूनच केलंय ना.

ठोकळा
आठ करून बघितलं. ई आणि एस एकदम सुधारले, भारीच! एम वेगळ्या रुंदीत आता ओरडत नाही. फाँट शब्दांसाठीच हवाय, त्यामुळे रेघारेघचं म्हणणं पटलं तरी मी ग्रिड मोडणार आहे. आता स्पेसिंगचं सांगा, मी प्रत्येक अक्षराच्या दोन्ही बाजूला एक-एक चौकोन सोडलाय, तरी गडबड.

शाई_संपली
तरी नाही, म्हणूनच गडबड. दोन उभे खांब समोरासमोर आले की जागा कमी भासते, दोन गोल आले की जास्त, कारण गोलाच्या कोपऱ्यातली पांढरी जागाही त्यात मिळते. म्हणून एच-एच मधलं अंतर सगळ्यात जास्त, एच-ओ त्याहून कमी, ओ-ओ सगळ्यात कमी. चौकोनांत मोजलंस तर पूर्ण चौकोन फार मोठी पायरी आहे, ग्रिड दुप्पट बारीक कर म्हणजे अर्धा चौकोन हाताशी येतो.

एच एच ओ एच ओ ओ असं टाइप करून बघ आणि मधल्या पांढऱ्या जागांकडे बघ, अक्षरांकडे नको. ते जमलं की एन आणि ओ घेऊन तसंच लोअरकेसमध्ये. बाकीची अक्षरं या दोघांच्या कडांवरून ठरतात, डीची डावी कड एचसारखी, उजवी ओसारखी, असं. कर्निंग, म्हणजे ठरावीक जोडीतलं अंतर वेगळं बदलणं, सगळ्यात शेवटी, एव्ही, टीओ, एलटी अशा मोजक्या जोड्यांना. स्पेसिंग बिघडलेलं असताना कर्निंगला हात लावलास तर शेकडो जोड्या करत बसशील.

आणि एक्स्पोर्टनंतर आधी ठोकळ्यांचे ओव्हरलॅप काढ, नाहीतर आतल्या रेघा पॉइंट हलवताना डोकं खातात.

काना_मात्रा
देवनागरीबद्दल दोन शब्द, कारण लोक लॅटिनचाच ग्रिड उचलतात आणि फसतात. इथे अक्षर शिरोरेषेला लटकतं, वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार, म्हणजे अक्षराच्या अंगाशिवाय वर दोन-तीन आणि खाली दोन-तीन ओळी रिकाम्या ठेवाव्याच लागतात. र आणि ग अरुंद, क, फ, झ, क्ष रुंद, एका रुंदीत बसवले तर क गुदमरतो. शिरोरेषा शेजारच्या अक्षराला टेकायला हवी म्हणून तिथे बाजूची जागा शून्य आणि रेघ किंचित पलीकडे घुसलेली, अगदी काठाला काठ ठेवलास तर काही साइझला मधे बारीक पांढरी चीर दिसते.

बाकी जोडाक्षरं, रफार, अर्धी अक्षरं यांना ओपनटाइपचे नियम (कुठली अक्षरं जुळली की कुठला आकार दाखवायचा ते फाँटमध्ये लिहिलेलं) लिहावे लागतात, ते ठोकळे मांडून होत नाही. आधी फक्त शीर्षकापुरती पंधरा-वीस अक्षरं करून बघ, अख्खा संच नंतर.

ठोकळा
बापरे, देवनागरी पुढच्या वर्षी मग. के तेवढा राहिला. ए आणि व्ही बरे दिसतात, केचेच हात बारीक का?

अर्धाचौकोन
कारण ४५ अंश. तिरकी रेघ आडवी मोजली तर एक चौकोन असते पण तिची खरी जाडी काटकोनात मोजायची, ती ४५ अंशाला ०.७१ चौकोनच भरते. ए आणि व्हीच्या रेघा एक चौकोन सरकायला दोन ओळी घेतात ना, तिथे ०.८९ पडते, म्हणून चालून जातात. केचे हात आडवे साधारण १.४ चौकोन कर, ग्रिड दुप्पट केलाच आहेस तर दीड घे, आणि खांबाला चिकटतात तिथे थोडं कापून टाक, नाहीतर सांध्यात काळा डाग पडेल. झेडलाही हेच कर. एक्सला कापायचं मधल्या छेदात.