गिरवणे आधी की गोष्ट आधी?

अनुस्वार (धागाकर्ता)
बालशिक्षणावरील एका लेखात कोणा अभ्यासू गृहस्थांनी ठणकावून सांगितले आहे, की मूल तीन वर्षांचे झाले की त्याला रोज मुळाक्षरे गिरवायला बसवावे आणि गोष्टी वाचून दाखवण्यात वेळ दवडू नये. तिथल्या प्रतिसादात माझे म्हणणे मावणार नाही, म्हणून हा वेगळा धागा. ज्या वयात पेन्सिल धरणारी बोटेच पुरती तयार नसतात, त्या वयात वाचनाची पूर्वतयारी कानाने आणि तोंडाने होते. ‘टोपी’तला ‘टो’ पळाला तर काय उरले, असे विचारल्यावर खिदळत ‘पी!’ म्हणणारे मूल एकही अक्षर न ओळखता वाचनाच्या बरेच जवळ आलेले असते. व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांना एवढेच शिकवले, की वाचताना थांबा, ‘हा काय करतोय?’ असे विचारा आणि मुलाचे उत्तर थोडे वाढवून त्याला परत द्या. महिन्याभरात ती मुले, नेहमीसारखे नुसते वाचून दाखवलेल्या मुलांपेक्षा, भाषेच्या चाचण्यांत पुढे होती. पाने भरवून काय साधते, हे लेखकमहाशयांनी सांगावे.

निळी शाई
आपण १९८८ सांगता, तर मी २००५ सांगते. एव्हान्स आणि सेंट-ऑबिन यांनी गोष्ट ऐकणाऱ्या मुलांची नजर कुठे फिरते ते यंत्राने टिपले, तेव्हा मुले चित्रेच पाहत होती, मजकुराकडे त्यांचे लक्ष जवळजवळ नव्हतेच. मग नुसत्या गोष्टींतून अक्षर येणार कोठून? माझ्या मुलाला ढीगभर गोष्टी तोंडपाठ होत्या, तरी पहिलीत ‘कि’ दिसले की तो अडखळायचा, कारण वेलांटी दिसते अक्षराच्या आधी आणि उच्चारायची मात्र नंतर, हे त्याला कोणी बोट ठेवून दाखवलेच नव्हते. गिरवून आलेली मुले तेव्हा घडाघडा वाचत होती.

दुसरा डाव
थोडे अवांतर होईल, पण तुम्ही दोघेही ‘पालक, पालक’ करता आहात. दिवसभर नातवंडे सांभाळतो आम्ही. आमच्या सौभाग्यवतींना वाचता येत नाही. एका पालकसभेत त्यांच्या हातात छापील सूचनांचा कागद ठेवला, आणि त्या तो सभा संपेपर्यंत उलटा धरून बसल्या होत्या. घरी मात्र पुस्तकातल्या त्याच त्या चित्रांवरून रोज निराळी गोष्ट रचतात.

मधली सुट्टी
आजोबा, कौतुक आहे, पण वस्तुस्थिती कठोर असते. हार्ट आणि रिस्ली यांनी १९९५ साली ४२ कुटुंबांच्या अभ्यासावरून दाखवलेच आहे, की गरीब घरांतील मुलांच्या कानांवर चार वर्षांपर्यंत तीन कोटी शब्द कमी पडतात.

दुसरा डाव
म्हणजे आमची घरे मुकी, असेच ना? त्या ४२ कुटुंबांपैकी अगदी गरीब कुटुंबे अवघी सहा होती, हे आपण सोयीस्करपणे गाळलेत. २०१९ मध्ये स्पेरी आणि सहकाऱ्यांनी घरातील इतर माणसांचे आणि आसपासचे बोलणेही मोजले, तेव्हा तशी दरी दिसली नाही. तिकडे आजीचे बोलणे मोजायचेच नाही आणि वर तिलाच शिकवायला यायचे!

मधली सुट्टी
आवाज चढवून आकडे बदलत नाहीत. मुलाशी थेट बोललेले शब्द आणि नुसते कानावर पडलेले शब्द एकाच मापाने मोजणे मला मान्य नाही. सहाचा मुद्दा तेवढा घ्या, आनंदाने घ्या.

अनुस्वार
निळी शाई, आपल्याच पुराव्याने आपला दावा अडचणीत येतो. नजर मजकुराकडे जात नसेल, तर ती तिकडे न्यावी. लॉरा जस्टिस यांनी तेच करून पाहिले: ओळीखाली बोट फिरवायचे, मधूनच ‘हे अक्षर तुझ्या नावात आहे’ असे म्हणायचे. त्याने मुलांची छापील मजकुराची जाण वाढली. आणि आजोबा, ‘टोपी’चा खेळ खेळायला आजींना अक्षरओळख लागत नाही. सल्ला देणाऱ्यांनी कागदाऐवजी तो खेळ खेळून दाखवायला हवा होता.

निळी शाई
बोट फिरवणे म्हणजे अक्षर दाखवणेच झाले, म्हणजे शेवटी माझ्याच दाराशी आलात. तीन वर्षांच्या मुलाला वही नको, इतके मी मान्य करते. पण ‘कि’ची वेलांटी कोणी, कधी दाखवायची, याचे उत्तर अजून आलेले नाही, आणि ‘ते आपोआप येते’ असे लिहिणार असाल तर कृपया लिहू नका.